क्षमता कुणी खाल्ली?

चहा घ्या आधी, निवांत. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकून झाल्यावर तुम्ही माझ्यासमोर बसून चहा घ्याल का नाही, याची मला खात्री नाही. गाढवपणा सगळेच करतात हो, मीही पुष्कळ केलाय. पण या वेळी मी एकटा पडलो असतो तर हसत हसत सांगितलं असतं. मी पडलो ते एका चांगल्या माणसाला पाडून पडलो.

तर मी अभिजित पाटील. शाहूपुरीत एका खासगी दूध डेअरीचं ऑफिस आहे, तिथं डेटाचं काम बघतो. डेटा म्हणजे काय? गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. मोजतात, फॅट काढतात, कारण दर फॅटवर ठरतो, आणि ते आकडे क्लाउडवर जातात. क्लाउड म्हणजे आभाळात काही नाही बरं का! कुठल्यातरी कंपनीची यंत्रं, कुठंतरी ठेवलेली, आपण भाड्यानं वापरायची. तिथं हिशेब होतो आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज जातो, की आज तुमचं दूध इतकं आणि फॅट लागली इतकी.

या भाड्याच्या यंत्रांची ताकद ठरलेली असते. तिला आम्ही क्षमता म्हणतो. घरात गिझर, इस्त्री आणि मिक्सर एकदम लावलं की कसा खटका पडतो? तसंच. कोणा एकानं जास्त ओढलं की सगळ्यांचंच काम अडकतं.

आणि एका सकाळी आमचा खटका पडला.

पहिला फोन आला एका गावच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीचा. "ओ पावणं, म्हशी परत पिळायची येळ झाली, तरी सकाळचा मेसेज न्हाई! झोपलाय का काय?"

मी म्हटलं, "बघतो, बघतो."

"बघतो काय? हितं माणसं माझ्या अंगावर याय लागल्यात! म्हणत्यात, फॅट मारली म्हणून मेसेज दाबलाय!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तर ऑफिसमधले सगळे फोन एकदम वाजायला लागले. आमचे मालक आण्णा केबिनमधनं बाहेर आले. आण्णा म्हणजे पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि आवाज असा, की बाजूच्या दुकानदारानंही "काय झालं?" म्हणून बाहेर यावं.

"आभ्या! कोण खातंय रं आपली क्षमता? शोधून काढ. घरातलाच कोण तर असणार."

आता आमच्या टीममध्ये माणसं किती? मूठभर. त्यात माझ्या हाताखाली पहिला माणूस दीपक कांबळे. हाताखाली हे आपलं कागदावर. खरं म्हणजे आम्ही पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो, आणि या डेअरीत मला आणलं त्यानंच. पुढं प्रमुख मी झालो, तो झाला नाही. का, ते कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. आपल्याला मिळालं की कोण विचारतो हो?

दीपकनं एक नवीन काम अंगावर घेतलं होतं. कुठल्या केंद्रावरचं फॅटचं यंत्र चुकीचं दाखवतंय, हे गावागावांची तुलना करून पकडायचं. कामाचं काम. पण जड. रोज सकाळी त्याचा रिपोर्ट चालायचा आणि भाड्याच्या यंत्रांना घाम फोडायचा.

मी वापराचा अहवाल उघडला. कोणत्या माणसानं किती क्षमता वापरली, ते त्यात पट्ट्यांमध्ये दिसतं. जितकी लांब पट्टी, तितका मोठा खादाड. सगळ्यात वर नाव कुणाचं? दीपक कांबळे.

झालं! अर्ध्या तासात गुन्हेगार सापडला. मी स्वतःवर इतका खूश झालो, की खाली जाऊन दोन वडे खाऊन आलो.

मग दीपकच्या खुर्चीजवळ गेलो. "दीप्या, तुझा रिपोर्ट लई खातोय."

त्यानं शांतपणे मान वर केली. "माझा रिपोर्ट रोज तेवढंच खातोय. दोन महिने झालं तेवढंच खातोय. मग आत्ताच काय झालं? दुसरंच काय तर वाढलंय. सगळी नावं बघितलीस का?"

"बघितली की!"

"सगळी?"

"अरे सगळी म्हणजे सगळी!"

माणूस खोटं बोलताना आवाज चढवतो म्हणतात. पण मी खोटं बोलत नव्हतो हो! मला खरंच वाटत होतं, की मी सगळी नावं बघितलीत.

मी त्याचा रिपोर्ट बंद केला. तो म्हणाला, "बंद करू नगोस. दोन गावांत यंत्र चुकतंय, माणसांचं नुकसान व्हाय लागलंय." मी म्हटलं, "थोडे दिवस फक्त." त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि परत स्क्रीनकडं वळला.

आणि दुसऱ्या दिवशी काय व्हावं? एकूण वापर धाडकन खाली! मेसेज सगळे वेळेवर. त्या सेक्रेटरीचा फोनसुद्धा नाही. आण्णा तेव्हा पुतण्याच्या लग्नाला गडहिंग्लजला गेलते. मी त्यांना मांडवातच फोन लावला.

"आण्णा, सापडला! दीपकचा रिपोर्ट होता. बंद केला, सगळं सुरळीत."

मागं सनई वाजत होती. त्यातनं आण्णा ओरडले, "मला पहिल्यापासनं वाटतच हुतं!"

पहिल्यापासनं म्हणजे कधीपासनं? आणि का वाटत होतं? हे मी विचारायला पाहिजे होतं. पण मला शाबासकी पाहिजे होती. ती मिळाली. मी फोन ठेवला.

लग्न आटपलं, तिसऱ्या दिवशी आण्णा परत आले, आणि वापर पुन्हा टोकाला! मेसेज बंद, सेक्रेटरी चालू.

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? म्हटलं असतं, "अरेच्चा, दीपकचा रिपोर्ट तर बंद आहे, म्हणजे माझं चुकलं." पण मी आण्णांना मांडवात फोन केला होता ना! आता माघार कशी घ्यायची? मी निष्कर्ष काय काढला, ऐका. दीपक दुसऱ्या कुणाच्यातरी लॉगिननं रिपोर्ट गुपचूप चालवतोय!

म्हणजे बघा. पुरावा माझ्या विरुद्ध गेला, तर मी त्यातनं त्याच्यावरच आणखी एक आरोप तयार केला.

भर ऑफिसमध्ये, सगळे बसलेले असताना, मी विचारलं, "दीपक, कुणाचं लॉगिन वापरतोयस?"

सगळ्यांचे कीबोर्ड थांबले.

"काय म्हणालास?"

"रिपोर्ट चालू आहे. तुझ्या नावावर दिसत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या नावानं चाललाय. मी समजून घेईन, पण खरं सांग."

दीपक उठला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. तो म्हणाला, "आभ्या, एक सांग. माझं नाव त्या पट्ट्यांतनं पहिलं आलं, का तुझ्या डोक्यातनं?"

मी म्हटलं, "हे काय बोलणं झालं?"

"तेच इचारतोय. हे काय बोलणं झालं?"

त्यानं बॅग उचलली. डबा आत ठेवला. राजीनामा मेलवर आला, दोन ओळींचा. त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी तो परत परत वाचला, काहीतरी शिवी सापडते का म्हणून.

बरं, दीपक गेला. वापर कमी झाला का? छे! उलट वाढला!

मग मी पिसाळलोच. एकेकाचा प्रवेश बंद करत सुटलो. हिशेबवाल्यांचा बंद. गाड्यांचं वेळापत्रक बघणारीचा बंद. पशुवैद्य डॉक्टर महिन्यातनं एकदा लॉगिन करायचे, त्यांचाही बंद! ते बिचारे फोनवर म्हणाले, "पाटील, माझ्यावर कसला संशय? मला त्यात छापायचं बटणसुद्धा सापडत नाही." मी म्हटलं, "सॉरी डॉक्टर, सुरक्षेचा प्रश्न आहे."

शेवटी त्या अख्ख्या क्लाउडवर उरलं कोण? एक मेसेज पाठवणारं खातं, आणि मी.

आणि वापर तरीही टोकालाच.

तुम्ही आता हसताय. तुम्हाला कळलं. मला अजूनही कळलं नव्हतं! मला वाटलं, परदेशातनं कोणीतरी घुसलंय. चीनमध्ये कुणीतरी बसून आमच्या म्हशींच्या फॅटवर नजर ठेवून आहे, असं मी आण्णांना सांगितलं. गंभीर चेहऱ्यानं सांगितलं!

आण्णा म्हणाले, "मग पोलिसात जा. आन त्या कांबळ्याचं नाव पण दे. तेनंच कुणाला तर किल्ल्या दिल्या असतील."

मी गेलो. खरंच गेलो.

हवालदारांनी विचारलं, "काय चोरीला गेलंय?"

"क्षमता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणाची?"

"आमची. म्हणजे, कंपनीची."

"कंपनीची म्हणा की सरळ! आन कवा गेली?"

"गेली नाही. आहे. पण कोणीतरी वापरतंय."

"हाय म्हणताय, मग चोरी कसली? संशय कुणावर हाय?"

आणि इथं माझ्या तोंडात नाव आलं होतं. अगदी जिभेवर. देवाची कृपा म्हणा नाहीतर काही म्हणा, तेवढ्यात त्यांनीच सांगितलं, "साहेब, आधी ते यंत्र ज्या कंपनीचं हाय, तिला इचारा. मग या." मी नाव गिळलं आणि बाहेर आलो. त्या दिवशी मी ते गिळलं नसतं, तर आज हा किस्सा मी सांगतच बसलो नसतो. लाज वाटून गाव सोडलं असतं.

मग क्लाउड कंपनीच्या मदतकेंद्राशी बोलणं ठरलं. आण्णांच्या केबिनमध्ये सगळे जमले. तिथं भिंतीवर भलामोठा टीव्ही. तो महिन्यापूर्वी मीच बसवून दिला होता. आण्णांना हौस, की कुठल्या गावात किती दूध आलं ते खुर्चीत बसून हलताना दिसलं पाहिजे. "लाईव्ह पायजे, लाईव्ह!" मी माझ्याच लॉगिननं तो चालू करून दिला होता. आकडे दर काही सेकंदांनी नवे. आण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना क्रिकेटच्या मॅचसारखे ते दाखवायचे.

तर त्याच टीव्हीवर मी वापराचा अहवाल उघडला. पलीकडची बाई मराठीच निघाली, बोलण्यावरनं विदर्भाकडची.

"सर, हे सगळे युजर्स आहेत का?"

"हो, सगळे."

"पण वरती फिल्टर लागलेला दिसतोय."

"तो काही नाही. तो माझाच आहे. तपास करताना मीच सारखा क्लिक करतो ना, त्यानं चित्र बिघडतं. म्हणून मी मला वगळलंय."



"म्हणजे सर, तुमचा वापर तुम्ही मोजलाच नाही?"

"मी तर शोधणारा आहे! मी कशाला..."

वाक्य माझं मलाच ऐकू आलं आणि अर्ध्यावर मेलं.

"फिल्टर काढा सर," ती म्हणाली. हळू आवाजात म्हणाली. डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन बोलतात ना, तसं.

मी काढला.

माझ्या नावाची पट्टी टीव्हीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत गेली. बाकीच्या सगळ्या पट्ट्या इतक्या आखडल्या, की दीपकची तर चष्मा लावून शोधावी लागली.

आण्णा वाकून बघायला लागले. "ह्यो पाटील कोण?"

"मीच, आण्णा."

"तू एवढं काय करत हुतास?"

माझ्या आधी ती बाई बोलली. "एक पेज सतत रिफ्रेश होतंय सर. दर वेळी आजचं दूध दाखवायला ते आधी तुमच्या डेअरीच्या सुरुवातीपासूनचं सगळं दूध वाचून काढतंय. दिवसरात्र. आणि ते उघडलेलं आहे तुम्ही आत्ता बघताय त्याच स्क्रीनवर."

सगळ्यांनी टीव्हीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

केबिन झाडणाऱ्या मालू मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आण्णा लग्नाला गेलते तवा म्या बंद केलता की टीव्ही. बघायला कोण न्हाई, उगंच लाईट जळतीया म्हणून."

म्हणजे त्या दिवशी वापर खाली आला, तो दीपकचा रिपोर्ट थांबवला म्हणून नव्हे! माझी मांडवातली शाबासकी म्हणजे निव्वळ मावशींनी दाबलेलं बटण.

मी खुर्चीत बसलो. आता आण्णा फाडून खाणार, नोकरी गेली, असं धरूनच चाललो. आण्णांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मोठ्यानं हसले.

"मला पहिल्यापासनं वाटतच हुतं!" ते म्हणाले. मग माझ्या पाठीवर थाप मारली. "असू दे रं. हुतंय असं. आपलाच माणूस हाईस."

तुम्हाला सांगतो, आयुष्यात मला कुठली शिवी इतकी लागली नाही, जितकी ती थाप लागली. माझी चूक सिद्ध झाली, तर "हुतंय असं". दीपकची चूक नव्हतीच, तर "पहिल्यापासनं वाटत हुतं". आणि दोन्ही वेळा मी मान डोलवली! दुसऱ्यांदासुद्धा! 

संध्याकाळी दीपकच्या घरी गेलो. विहाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. शिकत असताना तिथं मी किती जेवलोय, त्याला गणती नाही. त्याच्या बायकोनं दार उघडलं, आणि "या" म्हणाली नाही. आतनं दीपक आला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"मीच होतो," मी म्हटलं. "टीव्ही होता केबिनमधला. माझ्या नावानं चालत होता."

"कळलं. डॉक्टरांचा फोन आलता."

"चुकलं माझं."

"आण्णाला सांगितलंस, की कांबळेची चूक नव्हती म्हणून?"

"त्यांनी बघितलं की समोर."

"बघितलं ते राहू दे. तू सांगितलंस का? तुझ्या तोंडानं? मला इचारलंस तवा सगळे होते, तसं सगळ्यांसमोर?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"मग आधी ते कर. हितं कशाला आलास?"

"मी सांगतो. उद्याच सांगतो. तू परत ये कामावर."

"तुझ्या हाताखाली?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दार लावलं. आपटलं नाही. हळू लावलं. कडीचा आवाज मात्र आला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमध्ये उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं.   एकानं खाली मान घालून काम चालू केलं, मग दुसऱ्यानं. आण्णा म्हणाले, "झालं गेलं. उगंच उगाळू नगंस." दीपकचा फॅटचा रिपोर्ट मी परत चालू केला. दोन गावांतली यंत्रं खरंच चुकत होती. बदलली. तिथल्या सेक्रेटऱ्यांनी फोन करून माझे आभार मानले! मी म्हटलं, माझे नको, दीपक कांबळेचे माना. तर म्हणाले, "ते कोण?"

ऑफिसमध्ये मग मन लागेना. मी आलो की बोलणी थांबायची. चहाला कोणी हाक मारेना. काही प्रश्न आला की लोक मेल पाठवायचे, बाजूच्या खुर्चीवरनं! मग मी गुपचूप एके ठिकाणी अर्ज टाकला. इचलकरंजीत यंत्रमागाचा मोठा कारखाना आहे, त्यांना डेटा बघायला माणूस पाहिजे होता. म्हटलं, दूध नाही तर सूत, नवी माणसं, नवी सुरुवात.

आठवडा गेला आणि इचलकरंजीहून फोन आला. कारखान्याच्या मालकीणबाई स्वतः.

"अभिजित पाटील का?"

मी खुर्चीत ताठ बसलो. कॉलर नीट केली. फोनवर कॉलर दिसत नाही हो, पण सवय! "हो मॅडम! बोला ना. मुलाखतीला मी कधीही येऊ शकतो."

"तुम्ही कशाला? मी दीपक कांबळेंबद्दल इचारायला फोन केलाय. त्यांनी चौकशीसाठी तुमचा नंबर दिलाय."

काय सांगू! माझा नंबर! म्हणजे मनातनं गेलं त्याच्या. शेवटी दोस्ती ती दोस्ती!

"मॅडम, त्यानं खरंच माझा नंबर दिला?"

"व्हय की. मी पण इचारलं, जुन्या साहेबांशी पटत होतं का? म्हणाले, न्हाई. म्हटलं, मग तेचाच नंबर कशाला देताय? तर म्हणाले, तो माणूस माझ्याबद्दल एकदा खोटं बोललाय. आता परत बोलायची तेची छाती न्हाई."

मी मग सगळं सांगितलं. टीव्ही, फिल्टर, सगळं. बाई हसल्यासुद्धा नाहीत.

"बरं," शेवटी म्हणाल्या. "आता आणखी एक. जागा एकच हाय, आन अर्ज तुमचा पण आलाय. तुम्हीच सांगा, दोघांतला कोण घेऊ?"

मला विचार करायला वेळ लागला, हे लपवत नाही. मग म्हटलं, "दीपकला घ्या."

"छान," त्या म्हणाल्या. "तेंना पण हेच इचारलं मी. ते पण हेच म्हणाले. एका गोष्टीवर तर तुमचं दोघांचं एकमत हाय म्हणायचं!"